जलपरीची तहान

माझं पहिलं प्रेम कमरेखाली मासा होतं. आणि ते जडलं तेव्हा आमच्या गावात चूळ भरायला पाणी नव्हतं!

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. मिरजगावापासून आत असलेल्या आमच्या गावच्या विहिरींत नुसते दगड दिसायचे. आई आणि आण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. टँकर त्याच्या मर्जीनं यायचा. तरी जत्रा भरली. (देवाला दुष्काळ सांगणार कोण?) जत्रेत तंबू एकच, त्यावर पाटी: 'अर्धी बाई, अर्धा मासा'. मी आणि माझा जिवलग दोस्त दत्तू, दोघंही नववीत, आत घुसलो.

निळ्या रंगाची लाकडी पेटी, पुढून काच. आत आमच्याच वयाची पोरगी, तिला पत्र्याच्या टिकल्या लावलेलं हिरवं शेपूट. पेटीत पाण्याचा टिपूस नाही.

"हिचं पानी कुठाय?" एक म्हातारा ओरडला.

"बाबा, औंदा समुद्रातबी दुष्काळ हाय!" तंबूवाला म्हणाला.

लोक हसले. कित्येक दिवसांनी गाव हसलं. तेवढ्यात पोरगी काचेवरून वाकून, थेट माझ्याकडे बघत पुटपुटली, "प्यायला पानी मिळंल का?"

मी जागीच खलास! आख्ख्या तंबूत तिनं मलाच विचारलं होतं!

त्याच दुपारी अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, बघायला सोनईहून पाहुणे यायचे होते. त्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं. "पोरगी पाण्याच्या गावात पडंल," एवढंच आण्णा उठता-बसता बोलायचे. पाहुण्यांसाठी आईनं एक कळशी फडकं बांधून कोपऱ्यात जपली होती. आम्ही घरचे तिच्याकडे बघून नुसता आवंढा गिळायचो. आई शेजारी साखर मागायला गेली, आणि मी कळशी खांद्यावर टाकून पसार!

तंबूच्या मागं बघतो तर दत्तू उभा. हातात भरलेली चरवी.

"तू हितं काय करतोस?" मी विचारलं.

"बैलाला पानी पाजतोय."

"तुमचा बैल तर संक्रांतीलाच मेला."

दत्तूनं माझ्या कळशीकडं बघितलं. तेवढ्यात जलपरी बाहेर आली. चालत! शेपूट काखेत मारून! टाचा आमच्या आयांसारख्याच फुटलेल्या. तिनं दोन्ही भांडी उचलली आणि पाणी स्वतः न पिता आत नेलं. आत तिची आई तापानं फणफणत पडली होती, उशाशी दोन लहान भावंडं. आधी तिनं आईला पाजलं, मग पोरांना, मग एका दमात स्वतः प्यायली आणि उरलं ते घागरीत ओतून ठेवलं.

रिकामी कळशी माझ्या हातात देत म्हणाली, "लई उपकार झालं, काका."

काका! (नुकत्याच फुटलेल्या मिसरुडीनं घात केला.) आणि दत्तूकडे वळून काय म्हणाली? "तुझं नाव काय रं?"

घरी आलो तर पाहुणे ओसरीवर येऊन बसलेले. आण्णा आत हाक मारत होते, "अगं, पाय धुवायला पानी आन!" आई कोपरा चाचपत होती. आणि दारात मी, रिकाम्या कळशीसकट.

"कुठं गेल्तास?" आण्णा म्हणाले.

खोटं सुचेना. "जलपरीला तहान लागली हुती."

मुलाचे वडील हळूच आण्णांकडे सरकले. "हे कवापासनं हाय?"

"काय?"

"पोराचं डोस्कं. घराण्यात आनखी कुनाला हाय का?"

आण्णा ताडकन उठले. "माझं पोरगं येडं न्हाई! जलपरी हाय! चला, दावतो!"

(आता येडे दोन झाले!)

भर उन्हात वरात निघाली. पुढं आण्णा, मधे तहानलेले पाहुणे, शेवटी मी. तंबूमागं पोरगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती.

"ही," मी म्हणालो.

"हिचं शेपूट कुठाय?" मुलाचे वडील.

"काढून ठिवलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आतून कण्हणं ऐकू आलं, तसे ते तंबूत डोकावले. पोरगी पसंत पडली तर तोंड गोड करायला आणलेले पेढे त्यांनी पिशवीतून काढले, त्या पोरांच्या हातांवर ठेवले आणि तसेच एसटीच्या रस्त्याला लागले.

घरी अक्का आत्याच्या जरीच्या साडीत, पावडर लावून, पोह्यांची बशी धरून बसलेली. तिला कुणी पाहिलंच नाही.

सोनईहून नकार आला. तंबू दुसऱ्या दिवशीच उठला होता. त्या पोरीची आई वाटेतच गेली, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, वाचली. खरं काय ते कळलं नाही. मी आणि दत्तू त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसायचो.

पुढच्या साली अक्का आमच्यासारख्याच कोरड्या गावात पडली. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा डोक्यावर हंड्यांनी घट्टा पडला होता.

"अक्का, माझ्यापायी..."

"जाऊ दे रं," ती म्हणाली. "पन खरं सांग, दिसायला लई चांगली हुती का?"

"लई."

"आन तुझ्याकडं बघायची?"

"न्हाई," मी म्हणालो. "दत्तूकडं."

अक्का हसली. इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. माझ्यामुळं आमच्या घरात आलेलं ते पहिलंच पाणी!