हाफीजच्या फियाटचा नवा रेडिएटर

पौडला हाफीजचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान. पितळी रेडिएटरची गळती डाख देऊन बुजवावी तर हाफीजनंच, असं मुळशीभर म्हणत. ॲल्युमिनियमचा कुणी आणला तर तो हातसुद्धा लावत नसे. "त्याला डाख धरत न्हाई. फुटला की फेकायचा," म्हणायचा.

बायकोच्या, साजिदाच्या किडन्या गेल्या तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो तिला वडिलांच्या जुन्या फियाटमधून पुण्याला डायलिसिसला नेई. त्या मंगळवारी भूगावच्या कोंडीत गाडी तापली. बॉनेटखालून वाफ उसळली. साजिदाला धाप लागलेली. इंजिन निवेपर्यंत तो एका हातानं तिला पुठ्ठ्यानं वारा घालत, दुसऱ्यानं येणाऱ्या गाड्यांना हात करत राहिला. कुणी थांबलं नाही. पोचले तेव्हा मशीन दुसऱ्याला दिलेलं. संध्याकाळी दुसरं मशीन मोकळं होईपर्यंत ती बाकावर बसून श्वास ओढत होती.

बुधवारी त्यानं रेडिएटर उतरवला. एक नळी बुजवावी तर शेजारच्या दोन उघडायच्या. पितळच कुजलं होतं. तिसऱ्यांदा पाणी गळलं तशी त्यानं डाखाची कांडी खाली ठेवली.

गुरुवारी तो जुना रेडिएटर पोत्यात घालून पिरंगुटला जयसिंगच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. नवा पितळी कुठंच मिळेना. जयसिंगनं ॲल्युमिनियमचे दोन काढले.

"हा घ्या चाचा, मोठा हाय. झाकण बी जास्ती प्रेशरचं."

"तेवढं प्रेशर आमच्या जुन्या पाइपांना सोसायचं न्हाई. आन् टाक्या प्लॅस्टिकच्या, सांध्यावर फुटत्यात. तो दुसरा दाव."

दुसऱ्याच्या टाक्याही ॲल्युमिनियमच्याच, वेल्डिंग केलेल्या. हाफीजनं पाइपांची तोंडं जुन्याशी जुळवून बघितली, उंची मापली. बोल्टची भोकं बोटभर चुकत होती.

"पट्ट्या करून बसवीन," तो म्हणाला. "जयसिंग, ह्यो वाटंत फुटला तर मला काय बी करता यायचं न्हाई रे."

जयसिंगनं रेडिएटरमध्ये घालायच्या कूलंटचा डबा पुढ्यात ठेवला. "ह्यात नळाचं पाणी तेवढं घालू नका. ॲल्युमिनियमला आतून खातंय."

शुक्रवारी नवा रेडिएटर लावून निघाले, तर भूगावला पुन्हा कोंडी. मागच्या सीटवर साजिदा डोळे मिटून बसलेली. हाफीज रस्त्याकडं कमी आणि तापमानाच्या काट्याकडं जास्त बघत होता. काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला. ते वेळेत पोचले, तिला मशीन मिळालं.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "चाचा, आता दोनदा पुरणार नाही. आठवड्यातून तीनदा आणावं लागेल."

हाफीजनं विचारलं, "तिसरा वार कुठला, साहेब?"