रत्नशाळेत उतरलो तेव्हा

रायगडाला जायचं भावजींच्या डोक्यात आलं, ते नवी गाडी घेतल्यावर. आम्ही चौघं निघालो: ते, त्यांची बायको म्हणजे माझी ताई, तिच्या सासूबाई आणि मी. त्यांच्या गावाहून, ओव्याहून येताना त्यांनी मला नवीन पनवेलला आमच्या बिल्डिंगखाली घेतलं. ताई पुढच्या सीटवर होती. भर उन्हाळ्यात तिनं पूर्ण हातांचा कुडता घातला होता. मी विचारलं तर म्हणाली, "ऊन लागतं गं."

पेणच्या अलीकडे एका मोटरसायकलवाल्यानं डावीकडून गाडी घातली. आरशाला जेमतेम धक्का लागला. भावजी उतरले, त्याचं हेल्मेट ओढून काढलं आणि त्याच हेल्मेटनं त्याच्या तोंडावर मारलं. माणूस रस्त्याकडेच्या मातीत बसला, नाकातून रक्त आलं. भावजी परत गाडीत बसले आणि त्यांनी एसी वाढवला. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, आपणच उतरून घरी जावं. पण ताईला तिथं सोडून कशी जाणार?

गडावर रोपवेनं गेलो. भावजी समाधीपाशी ढसाढसा रडले. खरंच रडले, नाटक नव्हतं. मला ते बघून जास्त भीती वाटली.

मग रत्नशाळा. उघड्या जागेत जमिनीच्या खाली बांधलेली दगडी खोली. पायऱ्या उतरून आत जायचं. एक गाइड बाहेर घोळक्याला सांगत होता, इथं राजाची रत्नं ठेवत. काही म्हणतात, इथं गुप्त खलबतं चालत. घोळका पुढं गेला. भावजी फोनवर बोलत होते, म्हणून मी ताईला घेऊन खाली उतरले. आत गार होतं. ताई भिंतीला टेकली आणि तिनं बाही वर केली. दंडापासून कोपरापर्यंत काळेनिळे वळ.

"पट्टा," ती म्हणाली. "परवा. आमटी खारट झाली म्हणून."

"आजच माझ्याकडे चल."

"कुणाकडे चल?" पायऱ्यांवरून भावजींचा आवाज आला.

ताईनं बाही खाली ओढली, पण त्यांनी पाहिलं होतं. ते खाली आले, तिचे केस मुठीत धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. दगडावर डोकं आपटल्याचा आवाज नारळ फुटल्यासारखा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. ताई ओरडली नाही. मी त्यांच्या हाताला लोंबकळले, तर त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. एक दात तुटून जिभेवर आला. माझ्या खांद्याला स्टीलची बाटली होती. ती मी पट्ट्यासकट फिरवली आणि त्यांच्या कानशिलावर घातली. ते डगमगले, पण केस सुटले नाहीत. उलट त्यांनी पुन्हा आपटलं.

तेवढ्यात सासूबाई उतरल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या काठी घेऊन चालायच्या. एकेक पायरी आडव्या पावलानं उतरत त्या लेकाजवळ आल्या आणि काठी दोन्ही हातांनी धरून त्याच्या मनगटावर मारली. मग गुडघ्यावर. मग पुन्हा मनगटावर. केस सुटले.

"आई, तू मधी पडू नको," ते ओरडले आणि त्यांनी हात उगारला.

"मार," सासूबाई म्हणाल्या. "तुज्या बापानं मारली तवा मी गप बसली. तू बगत होतास. तितंच शिकलास. आता मला मार, मंग वर जाऊन सांग लोकांना, आईला मारली म्हणून."

हात हवेत राहिला. वरून माणसं धावत आली. दोघांनी भावजींना धरलं, तर त्यांनी एकाच्या मनगटाला चावा घेतला. शेवटी चौघांनी मिळून त्यांना जमिनीवर दाबलं.

आम्ही तिघी रोपवेनं खाली आलो. ताईच्या डोक्याला माझी ओढणी बांधलेली, ती भिजून जड झालेली. महाडला टाके घातले. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?" ताई म्हणाली, "पडले." सासूबाई तिच्या बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पडली नाय. माज्या पोरानं मारली. ल्हून घ्या."

मला वाटलं होतं, ताई माझ्याकडे राहील. ती काही दिवस राहिलीही. पण सासूबाईंनीच तिला परत ओव्याला नेलं. घर त्यांच्या नावावर होतं. त्यांनी लेकाचे कपडे दोन पिशव्यांत भरून ओटीवर ठेवले आणि शेजारपाजाऱ्यांदेखत त्याला सांगितलं, "या घरात सून राहील. तू नाय." भावकीतले लोक समजवायला आले, बायकाही आल्या. म्हातारी वेडी झाली, असंही गावात बोललं गेलं. सासूबाईंनी कुणाला चहा विचारला नाही.

भावजी आता तळोज्याला भाड्यानं राहतात. कोर्टात केस चालू आहे. गेल्या गणपतीत ते कोयता घेऊन आले होते. दार उघडलं नाही म्हणून दारावरच घाव घालत राहिले, पोलीस येईपर्यंत. आत ताईनं पोळपाट धरला होता आणि सासूबाईंनी मिरचीपूड. ताईनं मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा आवाज कापत होता. "रडतेस का?" मी विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "मला तर त्यांनी एकदा आत यावं असं वाटत होतं. पोळपाट उगारूनच उभी होते मी."