ओटी भरल्यावर पैसे कसे मागायचे

माझ्या अक्षराला हसू नये. शाळा चौथीपर्यंतच झाली, ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात.

आमचं घर बेळगुंदीच्या टोकाला. मागच्या दारातून डोंगराची वाट निघते, सरपणाला जाणाऱ्या बायकांची. काजूच्या झाडांतून वर गेलं की सपाट कातळ लागतो, तिथं वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. शहरातली माणसं असल्या वाटा शोधत फिरतात हे मला ठाऊक नव्हतं. आमचे मालक, म्हणजे घरधनी, शहरात उद्यमबागेच्या कारखान्यांत, लोखंड ओतायच्या फौंड्रीत कामाला. त्यांच्या साहेबांचे पाहुणे एका रविवारी आले, डोंगर चढून उतरले आणि म्हणाले, हॉटेलचं नको, घरात असेल ते वाढा. तांदळाची भाकरी, ओल्या काजूची आमटी, खर्डा, उकडलेली रताळी. बोटं चाटत जेवले. त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना.

आमच्या बायकांच्या बचत संघातल्या आक्का म्हणाल्या, लोक येतायत तर धंदाच कर. त्या जामीन राहिल्या आणि मी संघातून कर्ज काढलं. मोठी भांडी, ताटं, गॅस घेतला, मागं न्हाणीघर बांधलं.

रविवारी मी पाहुण्यांच्या पुढं चालायची. एक बाई म्हणाली, डोंगर असा शांत ठेवणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. मला लाजेनं शब्द फुटत नव्हता, एवढंच होतं ते.

अडायचं जेवणानंतर. किती द्यायचे विचारलं की माझी मान खाली. जेवलेल्या माणसाला भाव सांगायची रीत आमच्यात नाही. मी म्हणायची, असू दे. काहीजण बळंच एखादी नोट ठेवायचे, ती तांदळालाही पुरायची नाही. काहींना माझं म्हणणं खरंच वाटायचं. त्यात बायका निघाल्या की मी हळदकुंकू लावून ओटी भरायची. सवाष्ण जेवून तशीच कशी पाठवायची? खण माझा, नारळ माझा. ओटी भरली की ती घरची लेक झाली, मग तिच्यापुढं हात कोण पसरणार?

"अन्नछत्र चाललंय आमचं," मालक म्हणायचे. "देणगीचा डबा तेवढा ठेव."

संघाच्या बैठकीत मी खांबामागं बसायची. माझा हप्ता आक्का स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून भरायच्या. पण दर वेळी त्यांना तरी कुठून जमणार? एकीची थकबाकी राहिली की कुणालाच नवीन कर्ज मिळत नाही. शेजारणीला लेकीच्या नर्सिंगसाठी पैसे हवे होते आणि ते माझ्यापायी अडले होते. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हशीला वैरण टाकताना मी म्हणून बघायची, माणशी दोनशे. म्हशीपुढं नीट जमायचं. मग पुण्याच्या चार बायका आल्या. त्यातल्या एकीनं जेवल्यावर आपणहून पाकीट उघडलं. मी तोंड उघडलं, आणि आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आले. तिनं पाकीट मिटलं. डोळ्यांत पाणी आणून माझ्या पाया पडली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी उंबऱ्यावर बसून होते.

संध्याकाळी आक्का आल्या. किती मिळाले विचारल्यावर मी रिकामं ओटीचं ताट दाखवलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानंच रडू आलं.

"तुला न्हाय जमायचं गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या आयतवारपासनं माझ्या सोप्यात जेवतील. तू रांध. पैशाचं मी बघतो. आणि करंडा घिऊन तिकडं फिरकायचं न्हाय."

तसंच झालं. मी रांधते, झाकलेली पातेली बोळ ओलांडून जातात. आक्का ताट मांडायच्या आधीच भाव सांगतात आणि लोक मुकाट्यानं देतात. डोंगरावर आता आक्कांचे दीर नेतात, ते वाटभर बोलत असतात. मला पलीकडचं हसणं ऐकू येतं. आमटी तिखट झाली का, कुणी भाकरी मागून घेतली का, काही कळत नाही. जावंसं वाटतं, पण गेले की माझा हात कुंकवाकडं जाणार, हे मलाही माहीत आहे.

आधी आक्कांचे पैसे फिटले. शेजारणीच्या लेकीचं ते वर्ष मात्र गेलं, यंदा तिला प्रवेश मिळाला. परवाच्या बैठकीत शेवटचा हप्ता मी माझ्या हातानं भरला. संघाचं कर्ज पुरतं फिटलं.