पाण्याकडं तोंड

बातमी डेस्कवर संध्याकाळी आली तेव्हा तिच्यात नाव नव्हतं. रत्नागिरीकडच्या एका किनाऱ्यावर कोल्हापूरच्या एकाला लाटेने खडकावरून ओढून नेलं, जवळ कॅमेरा सापडला, एवढंच होतं. अशा बातमीला नेहमी जो मथळा लागतो तो मी दिला : 'सेल्फीच्या नादात पर्यटकाचा मृत्यू'. थोड्या वेळाने नाव आलं. सुकुमार मगदूम, छायाचित्रकार, मूळ गाव पेठ वडगाव. माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. मी 'पर्यटकाचा' खोडून 'छायाचित्रकाराचा' केलं, बातमीत नाव घातलं आणि पान छपाईला सोडलं. मथळ्यातला पहिला शब्द तसाच राहिला. सबब म्हणून हे सांगत नाही. घडलं त्या क्रमाने सांगतो आहे.

सुकुमार लग्नांचे फोटो काढून घर चालवायचा आणि सुट्टी मिळाली की मलकापूरमार्गे घाट उतरून समुद्र गाठायचा. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणाऱ्या मुलांचे फोटो काढायचे, हा त्याचा नाद. कट्ट्यावर कुणीतरी हटकून विचारायचं, "मगदूम, रंकाळ्यातल्या लाटा संपल्या काय?" तो म्हणायचा, "त्या मोजून झाल्या की! म्हणून तर तिकडं जातोय." घरी वेगळी तक्रार होती. सूर्यास्तानंतर न जेवणारा हा माणूस, आणि समुद्रावरचा सगळ्यात चांगला प्रकाश नेमका त्याच्या जेवायच्या वेळी. डबा भरलेला परत यायचा. शैलजावहिनी दारातच विचारायच्या, "समुद्र वाढतोय काय तुम्हाला जेवायला?"

एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. मला वाटलं, हा धावत पाण्याशी जाईल. त्याने उंचावर तिकाटणं रोवलं, त्यावर दर काही सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असा कॅमेरा लावला आणि शेजारी बसून राहिला. खाली खडक जिथवर ओला होता तिथे एक गोटा ठेवला होता. लाट गोट्याच्या वर आली की तो गोटाही वर सरकवायचा. असा अर्धा तास गेला. "हे फोटो कशाला?" मी विचारलं. "हे फोटो न्हाईत. पाणी कुठवर येतंय ते बघाय लावलाय. आधी पाणी, मग कोन." मग कोन. आडवं पडून खालून घेतलं की कमरेएवढी लाट डोंगराएवढी दिसते, त्याला तो सरळ खोटं म्हणायचा. समोरून चेहरा मिळतो, पण वाट मिळत नाही. त्याला बाजूचा, थोडा वरचा कोन हवा असायचा. "पोरगं कुठनं आलं आन् कुठं निघालंय, दोन्ही दिसाय पायजे." आणि एक नियम : पाण्याला पाठ द्यायची नाही. त्या दिवशी तो माझ्याशी दोन तास बोलला, माझ्याकडे एकदाही न बघता.

हे सगळं मला माहीत होतं. तरी तो शब्द राहिला.

चौथ्या दिवशी वहिनींनी तो अंक माझ्यापुढे ठेवला. "भावजी, हे तुम्ही लिवलंय?"

"व्हय."

"ह्यांनी कवा स्वतःचा फोटो काढलाय? भिंतीला लावाय एक फोटो न्हाय घरात. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर त्यात डोळंच दिसंनात..."

पुढच्या आठवड्यात पोलिसांकडून कॅमेरा आणि पिशवी परत आली. त्याचा फोन पिशवीत होता. तिकाटणं गोट्याच्या वर, कोरड्या जागी तसंच उभं सापडलं होतं. कॅमेऱ्यातल्या कार्डावर त्याच्या पहिल्या अर्ध्या तासातले ते आपोआप निघालेले फोटो होते. एका फोटोत खालच्या खडकावर दोघंजण, समुद्राला पाठ करून, फोन धरलेला हात लांब. पुढच्यात चौकटीच्या कडेला सुकुमारचा खांदा. मग तो निम्म्या वाटेत, हात वर केलेला. मग ते दोघं वर पळत येताना, आणि त्यांच्यामागे तो एकटा, समुद्राकडे तोंड करून. त्यानंतरच्या दोन फोटोंत तो उलट्या पावलांनी मागे सरकतो आहे. वळून पळाला असता तर... पुढच्या फोटोत फक्त पाणी आहे.

त्या दोघांचे चेहरे स्पष्ट आहेत. ते गाडीत बसून निघून गेले. आपल्याला कुणी वर पिटाळलं, हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

मी फोटो संपादकांपुढे ठेवले. ते म्हणाले, "दोन ओळींचा खुलासा टाकू." तो सहाव्या पानावर, एका निविदेखाली आला. 'अनवधानाने चुकीचा उल्लेख झाला.' कुणाच्या अनवधानाने, ते त्यात नव्हतं. माझ्या. आणि ते अनवधान नव्हतं, सवय होती. माणूस बुडाला की सेल्फी लिहायचं, ही आमच्या डेस्कची सवय. हा लेख त्या दोन ओळींच्या जागी वाचावा.

कॅमेऱ्यातल्या त्या फोटोंपैकी एक वहिनींनी मोठा करून घेतला. तोच आता बाहेरच्या खोलीत लावला आहे, वर चंदनाचा हार. हात वर केलेला, पाठमोरा सुकुमार. परवा मी बसलो असताना वडगावहून आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलंच, "पाठमोरा फोटो का ओ लावलाय?"

वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाठ आपल्याकडं हाय, पावणं. पाण्याकडं न्हाय."