शिडीवरून कोण पडलं?

माझी ताई लेखिका आहे असं सांगितलं की लोक विचारतात, "हो? कुठलं पुस्तक?" मग सांगताना माझी पंचाईत होते. ताईने लिहिलंय पुष्कळ, पण कुठेही तिचं नाव नाही. दंतवैद्याची वेबसाइट, शाळेचं माहितीपत्रक, गाद्यांची जाहिरात, कुणाचं निवृत्तीचं भाषण, असं लोकांना जे हवं असतं ते ती लिहून देते. आधी ती एका जाहिरात कंपनीत होती. तिथल्या साहेबाशी एका स्वल्पविरामावरून वाजलं आणि ती राजीनामा देऊन घरी आली. "आता माझी मीच साहेब," म्हणाली. एक साहेब गेला खरा, पण त्याच्या जागी दहा आले. त्यातला प्रत्येक जण दुपारच्या जेवणाच्या वेळीच फोन करणार.

जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक हे तिचं ऑफिस. दुसऱ्या टोकाला तिच्या सासूबाई भाजी निवडतात. मधली जागा भावोजींच्या इस्त्रीच्या कपड्यांची. या टेबलावर शिडीवाल्यांचं काम आलं तेव्हा ताई खूश होती, कारण पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे अख्खं पुस्तक मागितलं होतं.

शिडीवाले म्हणजे दोन भाऊ. घडीच्या शिड्यांचा त्यांचा कारखाना. कारखान्याला चाळीस वर्षं होत होती, म्हणून थोरल्या भावाच्या मुलाने पुस्तक काढायचं ठरवलं. तो ताईला म्हणाला, "मॅडम, साधं काम आहे. दोघांशी बोला, लिहा, संपलं."

त्याने एवढंच सांगायचं टाळलं, की दोघं भाऊ गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारखाना एक, दार एक, पण आत प्लायवूडचं पार्टिशन घालून दोन केबिन केलेल्या. थोरल्यांना धाकट्यांना काही सांगायचं असलं की ते हिशेबनिसाला बोलवायचे आणि पार्टिशनपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, "त्यांना सांगा, पत्रा कमी पडतोय." पलीकडून उत्तर यायचं, "त्यांना सांगा, मला दिसतंय." बिचारा हिशेबनीस जागचा हलायचासुद्धा नाही.

एरवी माणसं वाईट नव्हती. दोघांनीही ताईला स्वतंत्रपणे सगळं मोकळेपणाने सांगितलं. ताईने लिहून काढलं, आणि अडचण आली ती एका पानावर. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी बनवलेली पहिली शिडी माणूस वर असतानाच मिटली. माणूस पडला. त्या पडण्यातून शिडी उघडी असताना मिटू नये म्हणून एक खटका बसवायचं सुचलं, आणि त्या खटक्यावर कारखाना उभा राहिला. आता पडलं कोण?

"मी पडलो," थोरले म्हणाले.

"पडलो मी. तो खाली उभा राहून हसत होता," धाकटे म्हणाले.

ताईने शहाणपणा केला. लिहिलं, "दोघांपैकी एक भाऊ पडला." त्यावर दोघांचेही फोन आले. थोरले म्हणाले, "एक भाऊ म्हणजे कोण, हे वाचणाऱ्याने ओळखायचं का?" धाकट्यांनी तर विचारलं, "तुम्ही त्यांच्या बाजूच्या आहात का?" मग तिने लिहिलं, "शिडी पडली." त्यावर मुलाचा फोन आला, की मॅडम, आमची शिडी पडली असं आमच्याच पुस्तकात कसं छापायचं?

मी त्या सुमारास आठवडाभर तिच्याकडे राहायला गेले होते. सकाळी चहा घेता घेता फोन वाजायचा. ताई व्हॉइस मेसेज लावायची. थोरल्यांचा घसा खाकरण्याचा आवाज, मग, "बाई, ते पान सतरा..." तेवढ्यात दुसरा मेसेज, धाकट्यांचा, "मॅडम, पान सतराबद्दल त्यांनी काही सांगितलं असेल तर ते धरू नका."

"मी लेखिका आहे का यांच्या घरातलं पार्टिशन?" ताई मला विचारायची. "इकडून एक ठोकतो, तिकडून दुसरा."

"सोडून दे काम," भावोजी म्हणाले.

"तुम्हाला काय जातंय सांगायला! अख्खं पुस्तक लिहून झालंय, एक पान सोडून."

छापखान्यात पुस्तक द्यायचा दिवस ठरला. आदल्या आठवड्यात ताईने दोघांना बजावलं, की आता बदल नाही. दोघंही म्हणाले, अर्थातच. आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही नवीन पान सतरा स्वतः टाइप करून पाठवलं. थोरल्यांच्या पानावर ते पडले होते आणि धाकटे त्या वेळी कारखान्यातच नव्हते. धाकट्यांच्या पानावर थोरले मुळात शिडी बनवायलाच तयार नव्हते.

ताईने लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की सासूबाईंच्या हातातली शेंग उडाली. मग तिने दोन फोन केले. दोघांनाही एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी माझ्या घरी या. पान सतरा तुमच्या मनासारखं करू." दुसराही येणार आहे, हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

थोरले आधी आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते टेबलाशी बसतात न बसतात तोच बेल वाजली आणि धाकटे आत आले. दोघांनी एकमेकांना पाहिलं. थोरले उठायला लागले. दाराशी ताई कापडी पिशवी घेऊन उभी होती.

"बसा," ती म्हणाली. शाळेतल्या बाईंसारखी. "हा मजकूर. हे पेन. कोण पडलं ते ठरवा. मी भाजी आणायला चालले."

"अहो, पण बाई..."

"आणि निरोप सांगायला इथे हिशेबनीस नाही."

ती गेली. मागे मी, सासूबाई आणि दोन शिडीवाले. मी मनात म्हटलं, चांगली फसले. दोघंही बसले, पण खुर्च्या लांब ओढून. सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं की हे दोघं नुकतेच कुठून तरी पडून आले आहेत. त्यांनी काळजीने विचारलं, "फार लागलं का हो?"

"मला कोपराला," धाकटे चटकन म्हणाले, आणि त्यांनी बाही वर केली. जुना, पांढरा पडलेला व्रण होता.

थोरल्यांनी तिकडे पाहिलंच नाही. पण सासूबाईंकडे बघून म्हणाले, "कोपर शिडीवरून फुटलेलं नाही. ते सायकलवरून. शिडीच्या वेळी माझ्या गुडघ्याला टाके पडले होते."

"गुडघा सायकलवरून!" धाकटे ओरडले. "मीच चालवत होतो. तू मागे बसला होतास."

आपण थेट भावाशी बोललो हे त्यांनाही कळलं नाही. मग सायकल कुणाची होती इथून जे सुरू झालं ते पार वडलांपर्यंत गेलं. आवाज इतके चढले की समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी दार उघडून डोकावून पाहिलं. मी चहा ठेवला, दुसरं काय करणार? चहा घेऊन आले तर थोरल्यांनी मजकूर हातात घेतलेला.

"हे वाच," ते धाकट्यांना म्हणाले. "'आमचे वडील अत्यंत कष्टाळू होते.'"

"कोण? आपले अण्णा?"

"सकाळी अकराला उठायचे!"

धाकटे हसायला लागले. थोरलेही. धाकट्यांनी ताईचं पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. मग त्याखालचंही. खुर्च्या जवळ आल्या.

ताई परत आली तेव्हा तिच्या पुस्तकाचं निम्मं खोडून झालं होतं. पिशवी हातात तशीच धरून ती उभी राहिली.

"ठरलं?" तिने विचारलं.

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी मान हलवली. "बाई," थोरले म्हणाले, "राग मानू नका. आमचं दोघांचं एकमत झालंय. तुम्हाला हे जमलेलं नाही."

ताईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पुढे होऊन धाकट्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. "हे माझं आहे," म्हणाली. दोघं कागद गोळा करून गेले. जिन्यातून त्यांचा आवाज बराच वेळ येत होता. सायकलचंच चाललं होतं.

त्या दिवशी ताई जेवली नाही. "वर्षं-वर्षं तोंड न बघणारे दोघं, आणि एकमत कशावर? तर माझ्यावर! म्हणजे मी काय मूर्ख म्हणून लिहीत होते?" असं दिवसभर चाललं होतं. भावोजी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले आणि बोलणी खाऊन परत आले.

काही महिन्यांनी एक जाड पाकीट आलं. दोघांनी मिळून पुस्तक नव्याने लिहिलं होतं, हाताने, एक परिच्छेद एकाच्या अक्षरात, एक दुसऱ्याच्या. सोबत चिठ्ठी, "फक्त शुद्धलेखन पाहावे." ताई म्हणाली, हात लावणार नाही. संध्याकाळपर्यंत तिने लावला नाही. मग वाचायला घेतलं आणि उठलीच नाही. अण्णा त्यात अकराला उठत होते. शिडीवरून एका परिच्छेदात थोरले पडत होते, पुढच्याच परिच्छेदात धाकटे, आणि त्याखाली दोघांच्या सह्या.

"कसं आहे?" मी फोनवर विचारलं.

"चांगलं आहे," ती चिडून म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय मेल्यांनी. चीड त्याचीच येते."

ऱ्हस्व-दीर्घ तिने मन लावून दुरुस्त केले. वाक्यांना धक्का लावला नाही. थोरल्यांच्या मुलाने हळूच फोन करून सांगितलं, की मॅडम, आजोबांच्या आळशीपणाचं तेवढं काढून टाका, कारखान्याला शोभत नाही. तेव्हा ती जी त्याच्यावर कडाडली, की त्याने पुन्हा फोन म्हणून केला नाही. दोन्ही शिडीवाल्यांनीही या बाबतीत तिचीच बाजू घेतली.

पुस्तक निघालं. तिला दोन प्रती आल्या, दोन वेगवेगळ्या पाकिटांतून, कारण प्रत कुणी पाठवायची यावर त्यांचं पुन्हा काहीतरी बिनसलं होतं. पहिल्या पानावर तिचं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा, पुस्तकात, छापील. त्याच्याआधी लिहिलेलं, 'शुद्धलेखन'. आणि तिच्या नावातली वेलांटी चुकलेली.