टाकीची वीज गेली तेव्हा

रिफायनरीच्या प्रयोगशाळेत मी कच्च्या तेलाचा पातळ थर दिव्यासमोर धरून पाहत होते. वीज लावताच तेलात अडकलेले पाण्याचे थेंब थरथरले, एकमेकांना चिकटले आणि जड होऊन तळाशी गेले.

तेवढ्यात फोन वाजला. हेच काम करणाऱ्या बाहेरच्या मोठ्या टाकीची वीज गेली होती. आता पाणी तेलाबरोबर भट्टीत शिरणार, त्याची एकदम वाफ होणार आणि नळ्या फुटणार! मी घाबरून दाराकडे सरकले. तिथेच असलेल्या शिफ्टप्रमुख वैशालीताई मात्र फोनवर शांतपणे सांगत होत्या, "भट्टीत जाणारं तेल कमी करा. भट्टीपाशी कुणी थांबू नका."

धोका टळला. मी त्यांना चहा दिला, तर तो त्यांच्या हातून बशीत सांडला.

"ताई, तुम्हीसुद्धा घाबरलात?"

"दरवेळी घाबरते गं."

सवयीने भीती जाते, या आशेवर मी तिथे टिकले होते.