उजव्या हातावर खडीसाखर

तात्या नवीन माणसाला भेटले की नावगाव विचारायच्या आधी खिशातून पुडी काढायचे. “घ्या, परसाद हाय,” म्हणायचे आणि समोरच्याच्या हाताकडे बघत राहायचे. आपल्याकडे प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही, आणि डावा हात तर नास्तिकसुद्धा पुढे करत नाही. खडीसाखरेचे दोन खडे तळहातावर पडेपर्यंत तात्यांनी त्याची पाचही बोटं बघून घेतलेली असायची. बोटं शाबूत दिसली की नमस्कार करून सायकलवर टांग टाकायचे. लोकांना वाटायचं, काय भाविक माणूस आहे! भाविक कसला डोंबलाचा. इतकी वर्षं माझ्या देवळात आला, पण गाभाऱ्याकडे एकदा धड मान वळवून बघितलं नाही. मागच्या श्रावणात तात्या गेले. शनिवारी संध्याकाळी आता मी पुडी बांधत नाही, आणि त्याचा मला राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

तात्या मूळचे काष्टीचे. शेती भावकीच्या हवाली करून तरुणपणीच नगरला आले आणि नागापूरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाला, बाळूला, त्यांनी गावाहून आणलं, त्याचं सुमनशी लग्न लावून दिलं, आणि आपल्याच कारखान्यात त्याला पत्रा दाबायच्या प्रेसवर चिकटवलं. त्या प्रेसनं बाळूच्या उजव्या हाताची तीन बोटं खाल्ली. त्यानंतर बाळू घरात बसून राहिला. भांडला नाही, रडला नाही, कुणाला दोष दिला नाही. तात्या पहिल्या पाळीला गेले असताना एका सकाळी तो चप्पल घालून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. मागं सुमनवहिनी आणि शाळेत जाणारी स्वाती.

पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, देवऋषी झाले. मग तात्यांनी सायकल काढली. “हाताला धरून मीच न्हेलं हुतं त्याला त्या मशिनवर, गुरुजी,” ते म्हणाले. “आता मीच आननार.”

मी नागापूरच्या मागच्या बाजूच्या गणपतीचा पुजारी. दर शनिवारी ते खडीसाखर न्यायला माझ्याकडे येत. एकदा मी वैतागून म्हटलं, “अहो, दुकानातून पावशेर घ्या आणि वाटा! कोण विचारायला येतंय?” तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुजारी नसून पाकीटमार आहे. “खोटा परसाद दिऊन लोकांचं हात बगायचं? पाप लागंल की.” मग मी निमूटपणे साखर देवापुढे ठेवून, पाणी फिरवून पुडी बांधायचो. “तात्या, तुमच्यापायी आमच्या गणपतीला साखरेचा आजार होणार,” असं मी दर वेळी म्हणायचो. ते हसायचे नाहीत. मी मात्र सोडायचो नाही.

रविवारी पहाटे ते एकटेच निघत. काळी दांडीवाली सायकल, कॅरिअरला पंक्चरचं सामान, हँडलला पाण्याचा कॅन, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आज पाथर्डीची बाजू, पुढच्या रविवारी जामखेडची, मग कर्जतची. मोटारी वळत नाहीत असे रस्ते ते मुद्दाम धरत. डोंगरातली देवळं, वीटभट्ट्या, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या, महाराजांचे मठ. घर सोडलेला माणूस असल्याच ठिकाणी टेकतो, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं होतं, “एखादी मोटारसायकल का घेत नाही? या वयात छाती फुटेल.” “मोटारसायकलीवर मानूस दिसंस्तवर मागं जातोय,” ते म्हणाले. “सायकलवाला दमलेला दिसला की लोक सोताहून हाक मारत्यात, या पावनं, पानी घ्या. पानी द्यायला हात पुडं येतोच का न्हाई?”

“सगळा जिल्हा बघून झाला असेल तुमचा,” असं मी एकदा कौतुकानं म्हटलं. “जिल्हा कुटला? हातच बगितलं,” तात्या म्हणाले.

बघता बघता बारा वर्षं भरत आली, आणि स्वातीचं लग्न ठरलं. झालं, काष्टीहून भावकी आली. प्रश्न असा की पत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावाआधी श्री. छापायचं की कै.? व्याही मंडळी सरळ माणसं, पण त्यांनाही लोकांना उत्तर द्यायचं होतं. आमच्याकडे बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पालाशविधी करतात. पळसाच्या काड्यापानांचा माणूस करायचा, त्यालाच प्रेत मानून अग्नी द्यायचा, मग दहावं, तेरावं. आणि बायकोनं कुंकू पुसायचं. तात्यांचे चुलते माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, तुमी मुहूर्त काडा. उरकून टाकू.” सुमनवहिनी दाराआड उभ्या होत्या. कपाळावर भलंमोठं कुंकू. बारा वर्षं एक दिवस त्या कुंकवाशिवाय दिसल्या नव्हत्या.

तात्या ताडकन उठले. एरवी मुंगीला पाय न लावणारा माणूस चुलत्यावर ओरडला, “जित्या मानसाला जाळाय बसलाय व्हय रं!” मग खाली बसून हळूच म्हणाले, “पत्रिका छापायला जाईस्तवर थांबा. अकोले तालुक्याची बाजू ऱ्हायलीय माजी.” त्यांच्या कारखान्यातला एक जुना सोबती भंडारदऱ्याला फिरायला गेला होता. तिथं पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्यांकडे लाकडं फोडणारा एक माणूस त्यानं लांबून बघितला होता. बस, एवढ्यावर तात्या निघाले.

तो प्रवास त्यांनी मला नंतर देवळाच्या पायरीवर बसून सांगितला. अंधारातच निघाले. राहुरीच्या रस्त्याला कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या उसानं फुगलेल्या. प्रत्येक ट्रॅक्टरला सायकल खडीत उतरवायची आणि पुन्हा डांबरावर चढवायची. एका ट्रॉलीतून लोंबणारा ऊस कानशिलाला घासून गेला, रक्त आलं, ते त्यांनी तंबाखू लावून थांबवलं. रात्री संगमनेरच्या स्टँडवर पाठ टेकली. दुसऱ्या दिवशी पुढं वारा समोरून. अकोलं मागं पडलं तसा चढ लागला आणि माणसं विरळ झाली. भाताच्या खाचरांत पेरणीआधी पालापाचोळ्याचे राब भाजलेले, त्यामुळे उतारच्या उतार काळे ठिक्कर. गुडघे बोलायला लागले, मग हातात सायकल धरून चालले. कॅन रिकामा झाला. “वाटंत मानूस न्हाई, झाडाला पान न्हाई. पयल्यांदा वाटलं, हितंच पडलो तर मला कोन हुडकंल?” हे ते अगदी सहज म्हणाले. पुढं एका झापाच्या खोपटाबाहेर एका बाईनं हंड्यातलं पाणी दिलं. तिच्या नवऱ्याला तात्यांनी प्रसाद दिला. पाच बोटं. पुन्हा सायकल.

उन्हं कलताना धरणाच्या पाण्याकाठी तंबू दिसले. एक माणूस पाठमोरा बसून लाकडं रचत होता. तात्या जवळ गेले, सवयीनं पुडी काढली.

“मी परसाद म्हनायच्या आदीच त्यो मागं न बगता म्हनला, दादा, ऱ्हाऊ दे. आन सोताच हात पुडं केला. आपली सायकल आवाजावरनं वळाकली म्हनं, आन परसादाचं आदीच कुनाकडनं तरी कानावर आलं हुतं.”

बाळू धडधाकट होता. एक बाई होती तिथं त्याच्याबरोबर, आणि पाच-सहा वर्षांची एक मुलगी. त्यानं तात्यांना पाय धुवायला पाणी दिलं, जेवू घातलं, स्वातीची चौकशी केली. तात्या म्हणाले, “घरी चल. पोरीचं लगीन हाय. झालं गेलं कुनी काडनार न्हाई.” बाळूनं चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, “दादा, तू दिसलास का मला बोटं आठवत्यात. तिथं तर तू रोज दिसायचास. म्हनून तर आलो हिकडं.”

हे सांगून झाल्यावर तात्यांनी पायरीवरची धूळ हातानं साफ केली. “बारा वर्सं मी त्याच्या मागं, गुरुजी. आन त्यो माज्यापासनंच पळाला हुता.”

मी पुजारी माणूस, तरी त्या बाळूला मी त्या क्षणी मनातून शिव्यांची लाखोली वाहिली. बोटं गेली हे दुःख मोठंच. पण तुझी बायको? तुझी पोर? आणि हा म्हातारा तुझ्या पापाचा धनी? तात्यांना हे म्हटलं तर उलट मलाच गप्प केलं. “त्याचं खरं हाय. मशिनवर त्याला मीच उबं केलं.”

सुमनवहिनींना त्यांनी काही लपवलं नाही. दुसरी बाई सांगितली, मुलगी सांगितली. वहिनी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “नाव काय तिच्या पोरीचं?” तात्यांनी ते विचारलंच नव्हतं. वहिनी उठून कामाला लागल्या. पत्रिकेत ‘श्री.’ छापलं गेलं. पळसाचा माणूस जळायचा वाचला, एवढंच काय ते मला समाधान.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मांडवात चौरंग मांडत होतो, तर तात्या सायकलला कॅन बांधताना दिसले! मी तसाच सोवळ्यात धावलो. कन्यादानाला तेच बसणार, हे माझ्या मनात पक्कं होतं. विधुर असले म्हणून काय झालं, शास्त्राचं मी बघून घेतलं असतं. ज्या माणसानं पोरीला वाढवलं त्यानं नाही तर कुणी द्यायची? “अहो, डोकं फिरलंय का तुमचं? कुठं निघालात?”

“तंबूवाल्याच्या फोनवर सांगावा दिलाय बाळूला. दादा लग्नाला न्हाई, तू ये म्हनून,” तात्या म्हणाले. “मी दिसलो तर त्यो मांडवात पाय ठिवायचा न्हाई. पोरीला तिचा बाप दिसू द्या. मी जामखेडकडं जातो. उलटी बाजू हाय, वाटंत गाठ पडायची न्हाई.” नवा सदरा घातला होता. त्याच सदऱ्यावर, वैशाखाच्या उन्हात, आपल्याच पुतणीच्या लग्नातून तो माणूस निघून गेला.

बाळू आला नाही. मुहूर्ताची घटका भरत आली तरी सुमनवहिनींची नजर फाटकावरून हटेना. तंबूवाल्याला फोन लावला, तो वाजत राहिला, मग लागेनासा झाला. शेवटी स्वातीचे मामा-मामी कन्यादानाला बसले. मंत्र म्हणताना मी दोनदा चुकलो. आयुष्यात कधी चुकलो नव्हतो.

संध्याकाळी पाठवणी झाली. मांडववाले कनाती सोडत होते, घरची चार माणसं राहिली होती, तेव्हा तात्या आले. कुठल्या बालाघाटाच्या डोंगरात दिवसभर भाजून आले होते देव जाणे. ओठ फुटलेले, भुवयांवर धूळ, सदरा घामाच्या मिठानं पांढरा. सायकल भिंतीला लावून तिथूनच विचारलं, “आला हुता?”

 मी उगाच चौरंग पुसायला घेतला.

सुमनवहिनी आतून ताट घेऊन आल्या. त्यांच्यासमोर ठेवत म्हणाल्या, “आल्ते. जेवून गेले.”

तात्यांचा चेहरा इतका सुटला, इतका उजळला, की मला बघवेना. ते बसले, पहिला घास घेतला. “पोरीच्या डोस्क्यावर हात ठिवला का गं?”

“ठिवला.”

“रडला आसंल.”

“व्हय. लई.”

मग ताटाकडेच बघत, घाबरत घाबरत त्यांनी विचारलं, “माजं काय... इचारलं का?”

वहिनींनी ताटात आणखी एक पोळी वाढली. त्या माणसाला काय द्यावं, असं झालं असेल त्यांना. म्हणाल्या, “इचारलं की. दादा कुटं हाय म्हनले. लई वाट बगितली तुमची.”

तात्यांचा हात तसाच ताटात राहिला. “म्हंजी,” ते म्हणाले, “मी हितं असतो तरी चाललं आसतं?” आणि पोरीचं कन्यादान हुकलेला तो म्हातारा भरल्या ताटावर लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. वहिनी पुढं होऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि आता खरं काय ते सांगायची सोय आम्हा कुणालाच उरली नव्हती.